गाडी बंद पडता कामा नये!

"अजून दहा वर्षं हिला काही होत नाही!" रविवारी सकाळी गाडीच्या टपावर थाप मारून चष्मेवाल्यांनी जाहीर केलं. चष्म्याचं दुकान होतं म्हणून सगळी गल्ली त्यांना चष्मेवाले म्हणायची. लोकांचे डोळे ते अचूक तपासत. स्वतःच्या गाडीचा एकही दोष मात्र त्यांना दिसत नसे.

गाडी बायकोच्याही आधी घरात आलेली. किलोमीटरचे आकडे कधीच संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाले होते. म्हणजे नवीच झाली की, असं चष्मेवाल्यांचं म्हणणं!

बायकोला ती विकायचीच होती. तिच्या लायसन्सला सहा वर्षं झाली होती, पण स्टिअरिंग एकदाही हाती आलं नव्हतं. मागितलं की ठरलेलं उत्तर, "हिला माझ्या हाताची सवय आहे!" ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. नवी गाडी आली असती, तर तिला कुणाच्याच हाताची सवय नसती.

"आज टेकडीवर तुमच्या बहिणीकडे जायचंय ना?" ती म्हणाली. "जाऊन येईपर्यंत एकदा जरी बंद पडली, तर उद्याच विकायची. कबूल?"

"कबूल! आणि नाही पडली, तर पुन्हा विकायचं नाव काढायचं नाही!"

चष्मेवाले बोलून गेले खरे, पण एक अडचण होती. तापलेलं इंजिन बंद केलं की तासभर ढिम्म हलायचं नाही, हे गुपित फक्त त्यांनाच ठाऊक होतं. मग त्यांनी नामी शक्कल लढवली. इंजिन बंदच करायचं नाही!

बायको फळं घ्यायला उतरली, तर हे दुकानाभोवती गाडी फिरवत राहिले. तिसऱ्या फेरीला तिने खिडकीतून पिशवी आत फेकली आणि चौथ्या फेरीला स्वतःला!

बहिणीच्या दारात पोचल्यावरही ॲक्सिलरेटरवरचा पाय हलेना.

"दादा, आत ये ना!"

"नको गं, इथे हवा छान आहे. ताट इकडेच दे."

बिचारी खिडकीतून ताट देऊन गेली. चष्मेवाले तिसरा घास घेतात, तोच मेहुणे लगबगीने आले. "अहो, कशाला पेट्रोल जाळताय?" म्हणत त्यांनी खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली.

इंजिन गप्प!

"बंद पडली!" बायकोने टाळी वाजवली.

"पडली नाही, पाडली! तुझ्यासमोर पाडली!"

"मग करा चालू!"

गाडीने नुसता घसा खाकरला. आता एकच उपाय उरला, धक्का! समोर उतार होताच. बायको नव्या चपला दाखवून पुढच्या सीटवर ठाण मांडून बसली. बहीण आणि मेहुणे मागे लागले. चष्मेवाले उघड्या दाराशी, एक हात स्टिअरिंगवर. वेग आला की उडी मारून बसायचं, गिअर टाकायचा!

वेग आला. उडीच्या ऐन वेळी पायातली चप्पल निसटली. चष्मेवाले रस्त्यावर बसले आणि गाडी पुढे गेली!

"ब्रेक! ब्रेक दाब!" ते जिवाच्या आकांताने ओरडले.

तोवर बायको सरकून ड्रायव्हरच्या जागी बसली होती. तिने क्लच दाबला, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीने एक गचका दिला, डरकाळी फोडली आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

चष्मेवाल्यांचा जीव टांगणीला लागला. गाडीचं एकवेळ जाऊ दे, पण ही?

दहा मिनिटांनी टेकडी चढत गाडी आली. बायकोचे केस उडालेले, चेहरा नुसता फुललेला!

"थांब!"

"बंद पडली तर? पळत पळत बसा!"

चष्मेवाले एका चपलेनिशी धावले आणि मागच्या सीटवर आदळले.

"ऐका," आरशात बघत बायको म्हणाली, "गाडी विकायची नाही! काय पळते हो ही!"

जिंकल्याच्या आनंदात चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सोमवारी खुंटीवर किल्ली नव्हती. मंगळवारीही नव्हती. चष्मेवाले बसने दुकानात जाऊ लागले. शेवटी धीर करून त्यांनी विचारलं, "आज मी नेऊ का गं?"

"नको. हिला आता माझ्या हाताची सवय झालीय!"

हल्ली दुकानात जाड भिंगांचं गिऱ्हाईक आलं, की चष्मेवाले आधी दाराकडे बघतात आणि मग हळूच विचारतात, "जुनी गाडी घेणार का? एकदाही बंद पडलेली नाही!"