बिननखी विसोबाची गिटार

एका जंगलात, जिथे मोबाइलला रेंज फक्त वडाखाली यायची, विसोबा अस्वल राहायचा. मुलांनो, त्या वडाखाली काय गर्दी असेल ते तुम्हीच ओळखा.

विसोबा वीस वर्षं गिटार वाजवत होता. बारसं असो की लग्न, प्लास्टिकची पट्टी धरायची आणि सहाही तारांवर खालीवर झपाझप फिरवायची. सगळे नाचत.

एक दिवस त्याने मोबाइलवर एका माकडाला पट्टीशिवाय वाजवताना पाहिलं. अंगठा ठेका धरत होता आणि उरलेली बोटं गाणं म्हणत होती. विसोबाला रडूच आलं.

"वीस वर्षं मी गिटार नुसती झोडपली गं," तो बायकोला म्हणाला.

"मग लावा की शिकवणी," मथुरा म्हणाली.

"या वयात? पिलांच्या रांगेत बसू? माझं मी शिकेन."

आणि उत्साहाच्या भरात तो जंगलभर सांगून बसला, की सशाच्या मुलीच्या लग्नात मी नव्या पद्धतीने वाजवणार. झालं! आता माघार घेतली तर सगळ्यांत हसं.

मोबाइलवरच्या पहिल्याच धड्यात माकड दोन्ही हात पुढे करून म्हणालं, "या हाताची नखं कापा, त्या हाताची राखा."

समोरच्याचा डावा हात आपल्या उजवीकडे दिसतो, हे काही विसोबाच्या लक्षात आलं नाही. त्याने उजव्याची कापली. चूक कळल्यावर, तारा नीट दाबता याव्यात म्हणून डाव्याचीही कापावी लागली. अस्वल, आणि बिननखी! त्याला झाडावर चढता येईना. मध मथुराच उतरवू लागली. आणि दिवसभर तेच ते सूर ऐकायची.

लग्नाचा दिवस आला. तारा छेडायची उजवी नखं अजून अर्धीच उगवली होती. विसोबा मांडवात बसला. त्याने सुरुवात केली. आवाज कसाबसा पहिल्या रांगेपर्यंत पोचत होता.

मागून कोल्हा ओरडला, "विसोबा, तारा जुळवून झाल्या की सांगा हो, नाचायला उभे राहतो!"

विसोबाचा चेहरा पडला. तरी त्याने शेवटच्या सुरापर्यंत वाजवलं.

"जुळल्या वाटतं," म्हणत सगळे उठले. बिचाऱ्याने पुन्हा पट्टी काढली. मंडळी मनसोक्त नाचली.

परतताना तो म्हणाला, "मी वाजवलं हे कुणाला कळलंसुद्धा नाही."

"मला कळलं," मथुरा म्हणाली. "तिसऱ्या ओळीत तुम्ही रोज अडखळता. आज नाही अडखळलात."

मग तिने ती ओळ गुणगुणून दाखवली. विसोबापेक्षा जास्त सुरात.

तात्पर्य: मुलांनो, रोज नेमाने सराव करा. कला तुम्हाला येईलच असं नाही, पण घरच्यांना नक्की येते.