तिमजली केक, चौथा मजला

“उजवीकडचं खोकं,” उस्ताद फोनवर म्हणाले. “कोल्ड रूममध्ये दोन खोकी आहेत. उजवीकडचं उचल. डावीकडच्याला हात लावू नकोस.”

उस्ताद दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवे होते. अर्ध्या जबड्याला भूल दिलेली, त्यामुळे ‘उजवीकडचं’ हा शब्द ‘उदीकततं’ असा काहीतरी ऐकू आला. चॅम्पियनने तीन वेळा विचारून खात्री करून घेतली. तिसऱ्या वेळेला उस्ताद चिडले आणि तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

चॅम्पियन हे तिचं बेकरीतलं नाव. चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ती अकरा वर्षं देशाकडून धावली होती आणि तिचा विक्रम अजून कुणाला मोडता आला नव्हता. मग गुडघ्याने दगा दिला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, चौतिसाव्या वर्षी बूट खुंटीला लागले. एका मोठ्या कार्यालयाने नोकरी देऊ केली. काम एवढंच, की स्वतःच्या फोटोखाली खुर्ची टाकून बसायचं. ती नाही म्हणाली. लेकीच्या नऊपैकी सहा वाढदिवसांना ती कुठल्या ना कुठल्या सराव शिबिरात होती. सहाही केक तिने फोनच्या पडद्यावर पाहिले होते. का कोण जाणे, पण हे डोक्यातून जाईना. ती थेट उस्तादांच्या बेकरीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मला केक करायला शिकवा.”

उस्तादांनी सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं. आजवर सेकंदाच्या शंभराव्या भागावर जीव टांगलेला असायचा, आता तो ग्रॅमवर टांगला. पहाटे चारला भट्टी पेटायची. संध्याकाळी लेक पाढे म्हणून दाखवायची आणि सातच्या पाढ्यापर्यंत आई बसल्याजागी घोरायला लागायची.

शिवाय हातून दोन घोटाळे झाले होते. पहिल्या महिन्यात साखरेच्या जागी मीठ. हे सगळ्यांचंच होतं, म्हणून उस्तादांनी सोडून दिलं. दुसरा घोटाळा मात्र तिचा खास होता. वाटेत मैद्याचं पोतं पडलेलं, तिने वळसा घेण्याऐवजी सवयीने ते उडी मारून ओलांडलं, आणि पलीकडे दोनशे बिस्किटांचा ट्रे गार व्हायला ठेवलेला होता.

“तिसरी चूक झाली की घरी,” उस्ताद म्हणाले होते.

आज सहा महिन्यांतला शेवटचा दिवस होता. आणि आजच, पहिल्यांदाच, तिमजली केक एकटीने पोचवायचा होता. एका आजी-आजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. केक पाच वाजता कापायचा.

व्हॅन मागच्या गल्लीत उभी होती, म्हणून ती मागच्या दारानेच कोल्ड रूममध्ये शिरली. उजवीकडचं खोकं उचललं.

“जड आहे का गं?” लेकीने विचारलं. शाळा लवकर सुटल्यामुळे ती मधल्या सीटवर बसून होती.

“बारा किलोचा आहे म्हणे,” चॅम्पियन म्हणाली. तिला तो सहाचाही वाटला नाही. रोज सकाळी मारलेल्या बैठका अगदीच वाया गेल्या नाहीत, या विचाराने तिला जरा बरं वाटलं.

गाडी तिने अशी चालवली की शेजारून एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून पुढे निघून गेले आणि जाताना तिच्याकडे कीव आल्यासारखं बघून गेले. मागे हॉर्नचा कल्लोळ. प्रत्येक गतिरोधकावर ती श्वास रोखायची आणि लेकीला म्हणायची, “बघ, बघ, हलला का?” लेक जाळीतून मागे बघून सांगायची, “नाही.” दहाव्या गतिरोधकाला लेक म्हणाली, “आई, तो अजिबात हलत नाहीये. तूच हलतेयस.”

इमारतीपाशी पोचल्या तेव्हा सव्वाचार वाजले होते. सभागृह चौथ्या मजल्यावर. लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला: ‘बंद आहे.’

“कधी चालू होईल?” तिने पहारेकऱ्याला विचारलं.

“आजच बंद पडलीय,” तो अशा थाटात म्हणाला, की त्यात काही दिलासा असावा. मग त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. “अहो, तुम्ही त्या धावणाऱ्या ना? टीव्हीवरच्या? माझ्या बायकोला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. एक फोटो?”

“हात मोकळे नाहीत हो.”

“हरकत नाही, तुम्ही नुसतं हसा.”

तिने खोक्याआडून हसून दाखवलं. फोटोत खोकं आलं आणि तिचे दोन कान आले. पहारेकरी खूश झाला.

मग जिना. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. ज्या बाईने आयुष्यभर वाटेतले अडथळे मागे टाकले, ती आता एकेका पायरीला विचारून पुढे जात होती. लेक पुढे, “एक पायरी… आणखी एक… आता वळण” असं सांगत. दुसऱ्या मजल्यावर शस्त्रक्रिया झालेला गुडघा कुरकुरायला लागला. वरून दोन मुली फुग्यांचा एवढा मोठा घोस घेऊन खाली आल्या आणि एक फुगा खोक्याच्या कोपऱ्यावर फुटला. चॅम्पियनच्या तोंडून किंकाळी निघाली, पण हात जागचे हलले नाहीत.

त्यातच एप्रनच्या खिशातला फोन वाजायला लागला. थांबला. परत वाजला.

“आई, उस्ताद आहेत,” लेकीने खिशात डोकावून सांगितलं.

“असू देत. दाढ दुखत असेल.”

“सात वेळा येऊन गेला.”

“मी पळत तर नाही ना, हे बघायचं असेल त्यांना. वर गेल्यावर सांगू.”

चौथ्या मजल्यावर पाऊणशे माणसं जमली होती. मधोमध चाकांचं टेबल होतं. त्यावर तिने केक ठेवला, खोक्याच्या बाजू सोडवल्या आणि दोन पावलं मागे सरली. पांढराशुभ्र, एकावर एक तीन मजले, कडेने साखरेची फुलं. एकही पाकळी वाकडी नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून तिला बरेच महिने झाले होते. लेकीने हळूच तिचा हात धरला.

फोन अकराव्यांदा वाजला. या वेळी तिने तो अभिमानाने कानाला लावला. “पोचवला, उस्ताद! एक तडा नाही गेला!”

उस्तादांची भूल उतरली असावी, कारण शब्द फार स्पष्ट आले. “त्याला तडा जाणारच नाही. तो थर्माकोलचा आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे दुकानाच्या काचेतला नमुना! त्या घरच्यांनी तोच बघून ऑर्डर दिली होती. आज काच पुसायची म्हणून मी तो आत ठेवला. तुला मी उजवीकडचं सांगितलं होतं ना?”

“मी उजवीकडचंच उचललं!”

“कुठल्या दाराने गेलीस?”

“मागच्या.”

उस्ताद आयुष्यभर पुढच्या दारानेच आत गेले होते. मागच्या दाराने जाणाऱ्याची उजवी बाजू पुढच्या दाराची डावी होते, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

“दवाखान्यातून आलो तर खरा केक तिथंच. तो घेऊन टॅक्सीत आहे मी,” ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. “पण चौकात अडकलोय. पुढं मुंगी शिरायला जागा नाही.”

घड्याळात पाचला दहा कमी होते. चौक अर्ध्या किलोमीटरवर. चॅम्पियनने एप्रनची गाठ आवळली. मोठ्या शर्यतीआधी बुटांची नाडी आवळायची तशीच, फक्त त्या वेळी निदान पायांत बूट बरे असायचे.

टेबलापाशी आजोबा उभे होते, हातात सुरी. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, बारीक, नीटनेटका. त्यांच्या सुनेने येता-येताच सांगितलं होतं, “बाबा फारसं बोलत नाहीत हं. ‘हो’ म्हणाले तरी खूप झालं.”

खोटं बोलावं की खरं, असा विचार करायलाही वेळ नव्हता. ती त्यांच्या कानाशी लागली. “आजोबा, घात झालाय. हा केक थर्माकोलचा आहे. खरा चौकात अडकलाय. मला पंधरा मिनिटं मिळवून द्या. मी आणते.”

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. सुरीचं टोक खालच्या मजल्यावर हलकेच टेकवलं. कर्र असा आवाज आला. त्यांनी सुरी तशीच मागे घेतली आणि विचारलं, “पंधराच?”

“पंधराच.”

“हो,” आजोबा म्हणाले.

“बाळा, तू इथं थांब,” चॅम्पियन लेकीला म्हणाली. “कुणालाही बोट लावू देऊ नकोस.”

आणि ती निघाली. पायऱ्या उतरताना मागून तिच्या कानावर आजोबांचा घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मग चमच्याने पेल्यावर टिचकी मारल्याचा.

चौकात उस्ताद टॅक्सीबाहेर उभे होते, एक गाल सुजलेला, छातीशी खोकं धरलेलं. आजूबाजूला गाड्यांचा समुद्र. तिने खोकं हातात घेतलं आणि हात एकदम खाली गेले. खरे बारा किलो असे असतात तर!

“सावकाश!” उस्ताद सवयीने ओरडले. मग घड्याळाकडे बघून त्याहून मोठ्याने ओरडले, “नको, पळ!”

अडथळ्यांच्या शर्यतीतलं एक गुपित बघणाऱ्याला कळत नाही. पाय वर-खाली होतात, डोकं मात्र एका रेषेत जातं. डोकं उसळलं की वेळ गेला. हे शिकायला तिला चार वर्षं लागली होती. आता तिने डोक्याच्या जागी खोकं धरलं. पदपथावर पाइप टाकण्यासाठी चर खणलेला होता आणि त्याच्या अलीकडे लाकडी आडवी पट्टी. तेरा, चौदा, पंधरा पावलं मोजली आणि पंधराव्या पावलाला उचलला पाय. पट्टी गेली, चर गेला. बारा किलो तिच्यासोबत हवेतून गेले आणि न डचमळता उतरले. मागून उस्तादांचा “अगं आई गं!” एवढाच आवाज आला.

पहारेकऱ्याने तिला येताना पाहिलं आणि न विचारता दार उघडून धरलं. जिन्यावर गुडघा एकेका पायरीला शिव्या देत होता. तिसऱ्या मजल्यावर ती भिंतीला टेकली, तीन श्वास मोजले आणि पुन्हा निघाली.

वर आजोबा बोलत होते. सभागृहात कुणीही जागचं हलत नव्हतं. सून तोंडावर हात ठेवून उभी होती.

चॅम्पियन मागच्या दाराने आत शिरली. लेकीने कुणी न सांगताच टेबल ढकलत त्या दाराजवळच्या पडद्यामागे आणलं. “मेणबत्त्या लावतोय,” ती वळून बघणाऱ्या एका काकांना ठणकावून म्हणाली. थर्माकोल खाली, केक वर. मधल्या मजल्यावरचं एक फूल निखळलं होतं, तेवढं नमुन्यावरून काढून बसवलं. टेबल परत जागेवर. चॅम्पियनने आजोबांकडे बघून मान हलवली.

आजोबा वाक्याच्या मधेच थांबले. सुरी उचलली. ती लोण्यात शिरावी तशी आत गेली.

टाळ्या, आरडाओरडा, बशांचा खणखणाट. उस्ताद तोवर धापा टाकत वर पोचले होते आणि दारातल्या खुर्चीत कोसळले होते. चॅम्पियन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तिसरी चूक,” ती म्हणाली.

“हो,” उस्ताद गालावर रुमाल दाबत म्हणाले. “पण ती माझ्या खात्यात. सोमवारी पहाटे चारला ये. आणि कोल्ड रूमचं मागचं दार मी उद्याच बुजवून टाकतोय.”

लेक त्यांच्यासाठी पाणी आणायला गेली. तेवढ्यात आजींनी चॅम्पियनला खुणेने जवळ बोलावलं. आजी गोलमटोल, केसांत फूल, आणि चेहरा मात्र रुसलेला. 

“तो आधीचा खोटा होता ना?” आजींनी हळूच विचारलं.

“तुम्हाला… आजोबांनी सांगितलं?”

“ते कसले सांगतायत! तू ठेवलास तेव्हाच मी मागच्या बाजूने गुपचूप बोट घालून चाखायला गेले. बोट आत जाईना. नख दुखावलं माझं.”

“माफ करा, आजी. सगळा घोटाळा झाला. पण मी होईल तेवढं लवकर…”

“तेच तर!” आजी एकदम म्हणाल्या. “तेच म्हणतेय मी. मी ओरडणारच होते, तोवर हे बोलायला उभे राहिले. पन्नास वर्षांत हा माणूस माझ्याबद्दल सलग दोन वाक्यं बोललेला नाही. आज बोलत होता. मी कुठली साडी नेसले होते, पहिल्यांदा काय म्हणाले होते, सगळं लक्षात आहे गं त्यांच्या!” आजींनी डोळ्यांना पदर लावला आणि मग तिच्याकडे खऱ्याखुऱ्या रागाने पाहिलं. “जेमतेम पहिल्या वर्षापर्यंत आले होते. तू आलीस आणि गप्प झाले. पुढची एकोणपन्नास वर्षं आता मी कुणाकडून ऐकू?”