बिनपंख्याची बोट आणि रुसलेला जावई

"गोदामामागचं ते धूड कुणाला हवं असेल तर उचलून न्या बाबा, मला जागा पाहिजे," असं मिठागराचे शेठ सहज म्हणाले आणि कचेरीतल्या कोपऱ्यातून कुणीतरी "मी नेतो" म्हणालं. सगळ्यांनी माना वळवल्या. तिथल्या कारकुनानं, येसाजीनंही वळवली. मग त्याच्या लक्षात आलं की बोललो ते आपणच.

धूड म्हणजे एक बोट. गोवा स्वतंत्र झाला त्याच्या सुमारास कुणी परदेशी साहेब खाडीची खोली मोजायला आले होते. मोजून झाल्यावर (किंवा मोजण्याचा कंटाळा आल्यावर) ते गेले ते गेलेच, आणि बोट मागं राहिली. दोन-तीन पावसाळे तिनं गोदामामागं उघड्यावर काढले. साहेब तिला जेट बोट म्हणत. जेट म्हणजे विमान एवढं गावाला वर्तमानपत्रामुळे माहीत होतं, त्यामुळे ही बोट पूर्वी उडत असणार आणि मागाहून तिचे पंख गळून पडले असणार, असं मानणारा एक पक्ष गावात होता. सध्या तिच्यात कोंबड्या अंडी घालत आणि मागच्या नळीत उंदरांचा संसार होता.

ती मागितली येसाजीनं, याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही, कारण येसाजी पाण्याला भितो हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि ते माहीत असलेली एकच व्यक्ती, म्हणजे त्याची बायको सगुणा, बाहेर बोलणारी नव्हती.

येसाजी मूळचा तळे गावचा, डोंगराकडचा माणूस. पाणी विहिरीत असतं आणि त्यानं तिथंच असावं, असं त्याचं मत. लग्न झालं तेव्हा सगुणेचं माहेरही जमिनीवरच होतं. पण त्याच वर्षी सासऱ्यांना, भागोजींना, खाडीतल्या बेटावर खारजमीन मिळाली आणि ते सगळं बिऱ्हाड घेऊन तिकडे गेले. येसाजी पहिल्या दिवाळसणाला नवा फेटा बांधून होडीत चढला. होडी जरा डुलली. येसाजी फेट्यासकट तळाशी आडवा झाला, नावाड्याचा पाय धरला आणि "कचेरीची चावी माझ्याकडेच राहिली" असं ओरडून माघारी आला. त्या गोष्टीला बारा वर्षं झाली. चावी अजून सापडलेली नाही.

तिकडे बेटावर मात्र सगळ्यांनी एकच अर्थ लावला. जावई रुसला. आता रुसला तर कशावरून? लग्नाची एकेक गोष्ट आठवून झाली. शेवटी ठपका आला सगुणेच्या धाकट्या भावावर, मोरूवर. कानपिळीच्या वेळी त्यानं नवऱ्याचा कान जरा जास्तच पिळला होता. झालं. दर दिवाळीला बेटावरून मानपान येऊ लागला. एकदा धोतरजोडी, एकदा चांदीचं कडं, एकदा बोकड. येसाजी ते घेताना मान खाली घालायचा, आणणारा गडी परत जाऊन सांगायचा, "तोंड वर करून बघत न्हाईत, अजून राग हाय."

सगुणा मुलांना घेऊन होडीनं माहेरी जायची-यायची. मुलं होडीच्या काठावर बसून पाण्यात पाय सोडायची. आई-बाप विचारायचे, जावई का येत नाहीत? ती नवऱ्याचंच उत्तर सांगायची, मिठाचा हंगाम आहे. नवऱ्याला लोक गर्विष्ठ म्हणाले तर तिला चालत होतं. भित्रा म्हटलेलं तिला चाललं नसतं.

पण या वर्षी ती माहेराहून आली ती काळजी घेऊनच. भाकरी थापता थापता म्हणाली, "बाबांना आता दिसत न्हाय धड. ताटातली चटणी हातानं चाचपत्यात. मोतीबिंदू हाय. अलिबागेला डाक्टर काढून देतो म्हंतोय, पण बाबा बेट सोडायला तयार न्हाईत. बांधाचं काम हाय म्हंत्यात. माझं ऐकत न्हाईत, मोरूचं ऐकत न्हाईत. जावयाचा शब्द मोडायचे न्हाईत ते." मग तव्याकडे बघत म्हणाली, "तुमाला मी कधी काय बोलले न्हाय. पण एक डाव चला."

येसाजीला ती रात्र फार जड गेली. भागोजींनी त्याला मुलगी दिली होती आणि ती मुलगी बारा वर्षं त्याची लाज झाकत आली होती. जायलाच हवं होतं. प्रश्न एवढाच होता की होडीला पलीकडे पोचायला तास लागतो, आणि तासभर भिण्याची ताकद येसाजीत नव्हती. आणि दुसऱ्याच दिवशी शेठनी त्या बोटीचा विषय काढला. ही बोट पान लावून होईतो पलीकडे जात असे, असं जुने लोक सांगत. तेवढा वेळ तर कुणीही डोळे मिटून बसू शकतो! (भीती मोजायचं माप असतं तर येसाजीचा हिशेब बिनचूक होता.)

बोट घरामागं खाडीच्या काठाला आणली आणि बुधाजीला बोलावलं. बुधाजी भाताच्या गिरणीचं इंजिन चालवायचा, त्यामुळे फिरणारी कुठलीही वस्तू त्याच्या अखत्यारीत येई. त्यानं बोटीभोवती फेरी मारली, मागून वाकून बघितलं आणि उभा राहिला.

"पंखा चोरीला गेलाय."

"कसला पंखा?"

"पाणी कापायचा. बोटीला पंखा नको? बिनपंख्याची बोट म्हंजे बिनचाकाची गाडी."

दोन रविवार पंखा शोधण्यात गेले. भंगारवाल्याकडे एक टेबलावरचा विजेचा पंखा मिळाला, पण तो बसेना. अखेर बुधाजी म्हणाला की पंख्याचं पुढं बघू, आधी इंजिन तर बोलू दे. त्यानं कोंबड्या हाकलल्या, कारबोरेटर उकळत्या पाण्यातून काढला, वायरी बदलल्या. मागच्या नळीवर एक गंजलेलं लोखंडी झाकण वर-खाली हलत होतं, ते निरुपयोगी दिसलं म्हणून काढलं आणि सगुणेनं कोंबड्यांच्या डालग्यावर ठेवलं. (ते झाकण म्हणजे बोटीला थांबवायची आणि मागं न्यायची एकुलती एक सोय होती. पण हे सांगायला साहेब कुठं होते?)

बोट पाण्यात उतरवली, तोंड खाडीकडे, पाठ घराकडे. दोर माडाला बांधला. अंगणात सगुणेचे उडदाचे पापड वाळत होते. बुधाजीनं इंजिन चालू केलं. ते खोकलं, शिंकलं आणि मग एकाएकी असं गरजलं की नळीतून हातभर जाडीचा पाण्याचा फवारा सुटला आणि कमान करून थेट अंगणात पडला. आधी उंदरांचा संसार आला, मग कोंबड्यांची पिसं, मग नुसतीच खाडी. पापड अंगणातून पडवीत आणि पडवीतून गायीपुढं गेले.

इंजिन बंद झालं. मग बुधाजी हळूच म्हणाला, "पंखा न्हाईच हिला. ही खालून पाणी पिती न् मागून थुकती. त्या थुकीवर पळती."

सगुणा पडवीत उभी होती, पदर टपटप गळत होता. येसाजीनं खुलासा करायला तोंड उघडलं. पण तिनं बोटीकडे बघितलं, मग त्याच्या तेलानं काळ्या झालेल्या हातांकडे बघितलं. कारकुनाच्या हातांना बारा वर्षांत शाईखेरीज काही लागलं नव्हतं.

"हे समदं बाबांसाठी चाललंय व्हय?" ती म्हणाली. पापडांबद्दल ती नंतरही काही बोलली नाही. येसाजीला त्या क्षणी ती इतकी आवडली की तो नुसता "हूं" म्हणाला.

ठरलं ते असं. बोट बुधाजी चालवणार. शेजारी सगुणा बसणार, मांडीवर लाडवांचा डबा. मागं येसाजी डोळे मिटून बसणार आणि पलीकडे गेल्यावर उघडणार. निघायच्या दिवशी मुलांना शेजारी ठेवलं. बुधाजीनं इंजिन चालू केलं आणि म्हणाला, "मी ढकलून चढतो. तवर तुमी जरा फुडं बसा, येसाजीराव, न् ह्या पेडलावर हलका पाय ठेवा."

हलका पाय म्हणजे किती, हे ज्याच्या पायाला कापरं भरलंय त्याला कसं कळावं? बोटीनं उडी घेतली. बुधाजी कमरभर पाण्यात पाना हातात घेऊन उभा राहिला आणि बघता बघता लहान होत गेला.

डोळे मिटायचा बेत आता मोडला. येसाजीनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. समोर मासे धरायचे खांब आले. त्यानं घाबरून पेडलवरचा पाय उचलला आणि चाक गरागरा फिरवलं. बोट वळली नाही. सरळच निघाली.

"वळवा की वो!"

"वळतच न्हाय!"

"मगाशी वळत हुती. पाय दाबा!"

"पाय दाबला तर पळतीय!"

"पळती तवाच वळतीय!"

हे खरं होतं. थुंकी बंद झाली की त्या बोटीला दिशा म्हणून राहत नसे. पण भ्यायलेल्या माणसाला वेग वाढवायला सांगणं सोपं नाही. खांब चार हातांवर आले तेव्हा सगुणेनं डबा काखेत मारला आणि आपला पाय नवऱ्याच्या पायावर ठेवून दाणकन दाबला. बोट गरकन वळली. खांब बाजूनं गेले.

आता, बारा वर्षांत सगुणेचा पाय चुकून नवऱ्याला लागला तरी ती लगेच वाकून नमस्कार करायची. ती सवय अशी एका दिवसात जाते थोडीच. पाय दाबायचा, वाकून नमस्कार करायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा नमस्कार. अशा रीतीनं नवऱ्याच्या हातात चाक आणि बायकोच्या पायात इंजिन ठेवून ती दोघं खाडी ओलांडत होती. येसाजीला मरणाची भीती वाटत होती. तरीही आयुष्यात एवढं कुणाच्या जवळ बसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

बेट आलं. बांधावर अख्खी वाडी उभी. सगुणेनं पाय काढला. बोट मात्र थांबली नाही, कारण थांबायची सोय डालग्यावर होती. ती सरळ काठाच्या चिखलात शिरली, लोण्यावरून घसरावी तशी वर चढली आणि बांधाला टेकून थांबली. येसाजी थांबला नाही. तो बोटीच्या पुढच्या काचेवरून पुढं गेला आणि चिखलात तोंडावर पडला. सगुणा डबा सांभाळत, पातळाला एक डाग न लावता, बांधावर उतरली.

भागोजी काठी टेकत पुढं आले. डोळे बारीक करून त्यांनी त्या काळ्या आकृतीकडे बघितलं, तोंडाजवळ तोंड नेलं.

"जावई रापले गो," ते सगुणेच्या आईला, मनुबाईला म्हणाले. "मिठागराचं ऊन वाईट."

त्यांच्या मागून मोरू आला. हात जोडले, मान वाकडी केली आणि आपला कान पुढं केला. "भावजी, पिळा. पायजे तेवढा पिळा. पन आता सोडा राग."

येसाजीला हसावं की रडावं कळेना. चिखल होता म्हणून बरं, काय केलं ते कुणाला दिसलं नाही.

मनुबाईनं ऊन पाणी दिलं, जेवण झालं. मग पडवीत सासरा-जावई दोघेच राहिले. येसाजी म्हणाला, "मामा, मी रुसलो नव्हतो. मोरूची काही चूक नाही. मला पाण्याची भीती वाटते. होडीत बसवत नाही. एवढंच."

भागोजी काठी चाचपत राहिले. येसाजीला वाटलं, गेली अब्रू. तरी त्यानं रेटून म्हटलं, "तुम्ही चला अलिबागेला. डोळे करून घेऊ."

"बांधाचं काम हाय," भागोजी म्हणाले.

ते ज्या तऱ्हेनं म्हणाले ती तऱ्हा येसाजीला पाठ होती. नजर बाजूला, आवाज थोडा वर, आणि लगेच सुपारी शोधायची. "हंगाम आहे" हे बारा वर्षं तो असंच म्हणत आला होता. त्यानं माजघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मामा, तुम्हालाही?"

भागोजींनी सुपारी तशीच हातात धरली. "हितं आलो तवा होडीत भ्यानं बेशुद्ध पडलो," ते पुटपुटले. "ताप हाय म्हनून सांगितलं मी. मनूला ठाव न्हाय. लेकीच्या घरी कधी आलो न्हाय, ते त्यापायी." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आता तुमी आलात. भ्याव गेलं का?"

"नाही," येसाजी म्हणाला. "जास्तच वाढलं. पण आलो."

म्हाताऱ्यानं सुपारी खाली ठेवली. मग म्हणाला, "नातवंडांची तोंडं बगायची हायेत मला." त्यावर येसाजीनं त्यांचा हात हातात घेतला आणि मग ते दोघे तसेच बसून राहिले.

बोट चिखल पिऊन कायमची मुकी झाली होती. त्यामुळे दुसऱ्या दिवशी भरतीला मोरूची होडी काठाला लागली. सगुणेनं दोघांना मध्ये बसवलं. जावयानं सासऱ्याच्या कमरेला विळखा घातला, सासऱ्यानं जावयाच्या गळ्याला, आणि दोघांनी डोळे गच्च मिटले. वाडीतल्या बायका बघत होत्या. प्रेम असावं तर असं, असं त्या म्हणत होत्या.

होडी जराशी डुलली. दोघांनी श्वास धरला. मग पुन्हा डुलली. काही झालं नाही. येसाजीचा धीर हळूहळू वाढू लागला. "बघा मामा," तो म्हणाला, "काही आहे का यात? उगाच इतकी वर्षं भ्यालो."

"खरं हाय," भागोजी म्हणाले. "पाळन्यात बसल्यागत वाटतंय."

"आता दर अमावास्या-पुनवेला येत जाईन मी."

"या की. मी बी येतो."

येसाजीची छाती भरून आली. डोळे मात्र त्यानं उघडले नाहीत. मोठ्या ऐटीत त्यानं विचारलं, "काय सगुणे, अर्धी खाडी मागं पडली असेल ना?"

"दमा जरा," सगुणा शांतपणे म्हणाली. "मोरूनं अजून दोर सोडला न्हाय."