भास्कररावांची चपळ डिस्क

भास्करराव निगडीला आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, ते हात धुऊन थेट स्वयंपाकघरात शिरले. चहापत्तीचा डबा वरच्या फळीवरून ओट्यावर आणला, ओट्यावरचं पुरणयंत्र उचललं आणि माळ्याकडे बोट दाखवलं. "वहिनी, रोजचं पुढं, बाकीचं मागं."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "आमच्या कंपनीचे कॉम्प्युटर हेच सांभाळतात." एवढ्यानं तिचं समाधान झालं नाही.

भास्करराव मूळचे लातूरकडचे. चाकणच्या अलीकडे, निघोज्याच्या रस्त्याला आमची गिअर बनवणारी कंपनी आहे. मी तिथे डिझाइनला. आमची सगळी ड्रॉइंग जुन्या, मोठ्या, फिरत्या हार्ड डिस्कवर असायची. एखादं उघडायला लावायचं आणि चहाला जायचं, ही आमची पद्धत. परत येईपर्यंत ते बहुधा उघडत आलेलं असे.

भास्कररावांना हे बघवेना. साहेबांच्या मागे लागून त्यांनी एक एसएसडी मिळवली, म्हणजे न फिरणारी, छोटी, चपळ डिस्क.

"मग जुनी डिस्क काढणार?" मी विचारलं.

"कशाला वो? सगळा माल तिच्याकडंच राहतोय. तुम्ही जे सारखं मागताव, त्याची एक प्रत ही पुढं धरून बसती. मागितलं की हातात."

पहिल्या दिवशी काडीचा फरक पडला नाही. सगळे हसले. भास्करराव शांतपणे म्हणाले, "पहिल्या खेपेला जुन्या डिस्कवरूनच येणार. आता तेच परत उघडा."

परत उघडलं. क्लिक करतोय तोवर ड्रॉइंग समोर. टाळ्या पडल्या, आणि मग लक्षात आलं की चहाला जायचं निमित्तच गेलं. दुपारी आमच्या जोशीबाईंनी त्यांना जिन्यात गाठलं. "भास्करराव, चारच्या सुमाराला जरा हळू करता येईल का?"

मागच्या रविवारी मी मोशीला त्यांच्या घरी गेलो होतो. माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्यांच्या घरच्या डिस्कवर जपून ठेवायला द्यायचे होते. हॉलमध्ये कॉटवर त्यांचे वडील, दादा, पडलेले. उजवं अंग लुळं, बोलणंही अस्पष्ट. ऑफिसात भास्करराव याबद्दल कधी अक्षर बोलले नव्हते.

दादा काहीतरी पुटपुटले. मला काही कळलं नाही. भास्कररावांनी मोबाइलवर बोट ठेवलं आणि त्याच क्षणी उशाशी स्पीकरवर मृदंग घुमायला लागला. गावच्या भजनाचं जुनं रेकॉर्डिंग, वाजवणारे दादाच. चादरीवर त्यांचा डावा हात ताल धरू लागला.

"घरीपण एसएसडी बसवली?"

"पहिली घरीच बसवली. भजनं जुन्या डिस्कवर, आन् ती फिरायची थांबून झोपलेली असायची. ती जागी होऊन भजन लागेस्तोवर दादांना वाटायचं, आपण काय बोललो ते ह्याला कळलंच न्हाई. तोंड भिंतीकडं करायचे. मग दिवसभर काही मागायचेच न्हाईत."

दादा माझ्याकडे बघून पुन्हा काही म्हणाले.

"विचारतायत, वाजवणं कसं वाटलं."

"एकदम चोख, दादा," मी म्हटलं. मला तालातलं ओ की ठो कळत नाही.

दादांनी मान हलवत दोन-तीन शब्द उच्चारले. भास्करराव हसू दाबत म्हणाले, "म्हणतायत, पाव्हणा गोड बोलतोय. एका जागी माझा हात चुकलाय. परत लाव."

भास्कररावांनी परत लावलं. दादांनी चुकलेली जागा मला बोट उचलून दाखवली, आणि अर्ध्या ओठांनी मनापासून हसले.