व्याह्यांची अंगठी आणि गोकुळदासांचं भिंग

गोकुळदास मळीक यांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भिंग घेतलं ते पायातला काटा शोधण्यासाठी. काटा त्याच संध्याकाळी बायकोने सुईने काढून टाकला. भिंग मात्र घरात राहिलं, आणि निवृत्त माणसाच्या हाती बिनकामाचं भिंग पडलं की काय होतं, ते साखळी गावातल्या त्या वाड्याने पुढे भोगलं.

गोकुळदासांची सगळी नोकरी वीज खात्यात मीटर वाचण्यात गेली होती. कोळिष्टकांमागचे, धुळीमागचे, कधी कधी तर कुत्र्यामागचेही आकडे त्यांनी वाचले होते. निवृत्तीनंतर वाचायला काही उरलं नव्हतं. (वर्तमानपत्र होतं, पण त्यात आकडा फिरत नाही, अशी त्यांची तक्रार.) अशात मुलीचं, सिद्धीचं लग्न पेडण्यातल्या केरीच्या प्रज्योत केरकरशी ठरलं. मुलगा मोपाच्या विमानतळावर नोकरीला. जावयासाठी अंगठी घ्यायला गोकुळदास पणजीला गेले, तेव्हा दुकानदाराने अंगठीच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं.

"हॉलमार्क बघून घ्या."

गोकुळदासांनी खिशातून भिंग काढलं. एक त्रिकोण, '२२ के ९१६' (हजारातले नऊशे सोळा भाग सोनं), आणि त्यापुढे सहा अक्षरांचा नंबर. तो नंबर मोबाईलवरच्या सरकारी ॲपमध्ये घातला की दागिना खरा की खोटा ते कळतं, असं दुकानदार म्हणाला. सोन्यालाही मीटर असतो, हे गोकुळदासांना त्या दिवशी समजलं. बसने साखळीला येईपर्यंत ते कंडक्टरच्या अंगठीकडे बघत होते.

त्यानंतर वाड्यातला एकही दागिना सुटला नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या कुड्या, भटजींच्या बोटातलं पवित्रक, देवळात भेटलेल्या माणसाची सोनसाखळी. नऊशे सोळा असेल तर गोकुळदास "पास" म्हणत. नसेल तर काहीच न बोलता मान हलवत. ती मान शेजाऱ्यांना जास्त लागायची.

शेवटी त्यांनी बायकोच्या पाटल्या भिंगाखाली धरल्या.

"भाग्यलक्ष्मी, ह्यावर काहीच नाही गो."

"आईच्या पाटल्या त्या. काय असायला पाहिजे होतं?"

"म्हणजे शुद्धतेची खात्री देता येत नाही."

"तुमच्यावर तरी कुठे शिक्का मारलेला होता? बाबांनी घेतलंच ना पदरात?"

यावर गोकुळदासांनी भिंग पुसलं. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

साखरपुडा गोकुळदासांच्या घरीच होता. केरीहून एक बस भरून माणसं आली. व्याही रामचंद्र केरकर उंच, रुंद, आणि आवाज असा की पुढच्या ट्रकवाल्याने आरशात न बघता बाजू द्यावी. एके काळी त्यांचे दोन टिप्पर खनिजाच्या वाहतुकीवर होते. खाणी बंद झाल्या आणि टिप्पर अंगणात उभे राहिले ते राहिलेच. एकावर तर दोडक्याचा वेल चढला होता. आता ते पर्यटकांना खोल्या भाड्याने देत. पण सुनेच्या अंगठीत त्यांनी हात आखडता घेतला नव्हता.

अंगठी हा मोठाच विषय होता. कुठल्याशा नटीच्या साखरपुड्यातल्या अंगठीचा फोटो सिद्धीने मोबाईलवर जपून ठेवला होता. नटीचा हिरा परसातल्या आंबट बिंबलाएवढा होता, लांबट आणि माजोरी. केरकरांनी आणलेल्या अंगठीत बारीक हिरे एकमेकांना असे बिलगून बसवले होते, की हातभर अंतरावरून तेही एकच बिंबल दिसावं. आमच्याकडे वराकडचा दागिना वधूच्या बोटात जाण्याआधी तबकातून घरभर फिरतो. बायका बघतात, "बरी आसा" म्हणतात, आणि तबक पुढे जातं. पुरुषांनी त्यात डोकं घालायचं नसतं.

गोकुळदास जनेलाजवळ उभे होते. खिडकीतून उजेड चांगला येत होता. तबक समोर आलं आणि त्यांचा हात त्यांना न विचारता खिशात गेला.

'१८ के ७५०'.

त्यांनी भिंग जवळ नेलं, लांब नेलं. आकडा बदलला नाही.  शेजारी त्यांचा मेहुणा मधुकर होता.

"मधुकर, नऊशे सोळा नाही रे. सातशे पन्नास आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पाव हिस्सा दुसरंच काहीतरी. कुणाला बोलू नकोस."

मधुकर कुणाला बोलला नाही. तो फक्त पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि तिथे एवढंच म्हणाला, की सोनं थोडं कमी आहे. खतखत्याच्या टोपापाशी ते पाव हिस्सा पितळ झालं. वडे तळणाऱ्या कढईपर्यंत पोचता पोचता सगळीच अंगठी पितळेची झाली. मागच्या दारी पानं पुसणाऱ्या बायकांनी हिऱ्यांची काच केली. आणि बातमी पुढच्या दाराने परत आत आली तेव्हा केरकरांचं घर गहाण पडलं होतं, दोडक्याच्या वेलासकट.

दुर्दैवाने त्याच वेळी वराची आई, सुशीलाबाई, हात धुवायला मागे गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. रामचंद्र केरकर उठून उभे राहिले.

"व्याही, अंगठीत काय खोट आसा ती सगळ्यांसमोर सांगा."

भटजींचा मंत्र मध्येच तुटला. पाटावर बसलेल्या सिद्धीचा हात पुढे केलेला होता. तिने तो मागे घेतला नाही. ती नुसती वडिलांकडे बघत राहिली, आणि ते बघणं गोकुळदासांना रामचंद्रांच्या आवाजापेक्षा जड गेलं. प्रज्योत एकदा तिच्याकडे आणि एकदा दाराबाहेरच्या बसकडे बघत होता.

"आता बोला," भाग्यलक्ष्मी दातांमधून म्हणाली. "इतके दिवस तोंड बंद नव्हतं."

"खोट म्हणजे... तसं नाही... त्यावर नंबर आहे," गोकुळदास चाचरले. "ॲपवर बघितलं की सगळं..."

"मगे बघा!" रामचंद्र म्हणाले.

घरात रेंज नव्हती. गोकुळदास एका हातात अंगठी, एका हातात मोबाईल आणि दातांत भिंग धरून अंगणात गेले. त्यांच्यामागून रामचंद्र, त्यांच्यामागून भटजी, आणि मग दोन्हीकडचं सगळं गणगोत. तुळशीपाशी रेंजची एक दांडी मिळाली, माडापाशी दोन. गोकुळदास माडाला टेकले. नंबर घातला, चुकला, भिंग हातात घेऊन पुन्हा घातला. पडद्यावर एक चाक फिरत राहिलं. 

मग अक्षरं आली.

वस्तू: अंगठी. शुद्धता: अठरा कॅरेट, सातशे पन्नास. तपासणी केंद्र, तारीख, दुकानाचा नोंदणी नंबर. सगळं जागच्या जागी.

"पण अठरा का?" गोकुळदास पुटपुटले.

"बाबा," सिद्धी पाटावरून उठून आली होती, "हिऱ्यांची अंगठी बहुतेक अठरातच करतात. बावीसचं सोनं मऊ. बारीक हिरे नीट धरून ठेवत नाही. मी आणि प्रज्योतने मिळूनच पसंत केली ही. मला विचारायचं होतं."

त्या क्षणी गोकुळदासांना मोबाईल बंद पडला असं सांगता आलं असतं. पण समोर दिसेल ते वाचायचं, घरमालक कितीही रागावला तरी, एवढी एक शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली होती. त्यांनी घसा साफ केला आणि पडद्यावरची ओळ न् ओळ खणखणीत वाचली. शेवटी म्हणाले, "अंगठी पास आहे. नापास मी."

रामचंद्र केरकरांच्या चेहऱ्यावर काहीतरी व्हायला लागलं. सगळ्यांना वाटलं, आता स्फोट.

"परत वाचा," ते म्हणाले. "मोठ्यान."

गोकुळदासांनी परत वाचलं.

"अनंता!" रामचंद्र आपल्याच माणसांकडे वळून गरजले. "आयकलंस मरे?"

बसमधून आलेल्या माणसांतला एक किरकोळ गृहस्थ मागे सरकला. हे रामचंद्रांचे मेहुणे. टिप्पर बंद पडलेला माणूस हिरे कुठून आणणार, समुद्रावरच्या गाड्यावरून काच उचलली असेल, असं यांनी केरीभर सांगून ठेवलं होतं. आणि रामचंद्रांना काही करता येत नव्हतं. सुनेच्या अंगठीची पावती घेऊन गावभर फिरणार कोण?

"मी सांगलं असतंय तर कोणी मानलं नसतं. आता खुद्द व्हकलेच्या, नवरीच्या बापाशीन वाचलंन! सरकारच्या पुस्तकातून!" त्यांनी गोकुळदासांना असं कवटाळलं की भिंग हातातून पडलं. "व्याही व्हयो तर ह्यांच्यासारखो!"

तिसऱ्या वाचनाला टाळ्या पडल्या. केरीच्या बसच्या ड्रायव्हरने कारण न विचारता हॉर्न वाजवला. सुशीलाबाई डोळे पुसत हसल्या, आणि भटजींनी तुटलेला मंत्र जोडून घेतला. सिद्धीच्या बोटात अंगठी गेली. हातभर अंतरावरून ती खरंच त्या नटीची दिसत होती, आणि जवळून तर जास्तच चांगली, कारण ती सिद्धीच्या हातात होती.

मग गोकुळदासांचं राज्य सुरू झालं. त्यांना मधल्या खुर्चीवर, त्या मानाच्या कदेलावर, बसवण्यात आलं. केरीची माणसं अंगठ्या काढून रांगेत उभी राहिली. मधुकर गोड मणगण्याची वाटी घेऊन आला आणि व्याह्यांनी स्वतः ती त्यांच्या हातात दिली. भाग्यलक्ष्मीसुद्धा आपल्या पाटल्या सावरत कौतुकाने बघत होती. (निदान गोकुळदासांना ते कौतुक वाटलं.)

"आता जावयाची वाचा!" रामचंद्र म्हणाले. "सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. अनंता, फुडे ये, नीट आयक."

गोकुळदासांनी डबी उघडली. अंगठी दोन बोटांत धरून ती उजेडाकडे नेली, एखाद्या मंत्र्याने नारळ धरावा तशी. भिंग लावलं. अंगठी फिरवली. पुन्हा फिरवली. भिंग सदऱ्याला पुसलं.

"काय झालं?" भाग्यलक्ष्मीने विचारलं.

"दिसत नाही."

"कसं दिसत नाही?"

तेव्हा त्यांना आठवलं. प्रज्योतला अंगठी घट्ट होते असं कळल्यावर पणजीला कोण जातो म्हणून त्यांनी ती डिचोलीच्या एका सोनाराकडून वाढवून आणली होती. कुठे कापू, असं त्याने विचारलंही होतं. आणि गोकुळदासांनीच रुबाबात सांगितलं होतं, आतून जिथे काहीतरी खरवडल्यासारखं आहे ना, तिथे काप. म्हणजे तेही निघून जाईल. त्या दिवशी भिंग घरी राहिलं होतं.

अनंत मान लांब करून उभा होता. रांग थांबली. रामचंद्र पुढे आले, गोकुळदासांच्या हातातून भिंग घेतलं, डोळा बारीक करून अंगठीत बघितलं. मग त्यांनी अंगणापलीकडच्या रस्त्यालाही ऐकू जाईल असा आवाज काढला.

"नऊशे सोळा! एकदम पास!"

पुन्हा टाळ्या. बसचा हॉर्न. गोकुळदासांनी डोळे मिटून श्वास सोडला. रामचंद्रांनी अंगठी मुलाच्या हातात दिली आणि हलक्या आवाजात (हलका म्हणजे त्यांच्या मानाने, सगळ्या घराने ऐकला) म्हणाले,

"घाल रे बेगीन बोटात. आणि भितर बघू नको."