पाठराखणीशिवाय न गेलेल्या फायली

जुन्या कंप्युटरातल्या फायली पाठराखणीशिवाय नव्या घरी जायला तयार नाहीत, हे रत्नमाला परातेला मंगळवारी सकाळी साडेदहाला कळलं.

ती कारकून होती त्या मोहाडीकडच्या विणकर सोसायटीत अशा दोनशे बारा फायली होत्या, आणि एकेका फायलीत लुगड्याच्या एकेका काठाचा नक्षा. करवतकाठ, रुईफूल, बेलपान, जाईची पट्टी. कागदावरचे नक्षे वाळवीनं केव्हाच खाल्ले होते. आणि हा कंप्युटर इतका थकलेला, की मेकॅनिक सांगून गेला होता, "बाई, आता हा एकदा बंद पडला की उठत नाही." मंगळवारी तारांचं काम म्हणून पाचला लाइन जाणार होती. त्याआधी नक्षे नव्या लॅपटॉपात गेले नाहीत, तर रत्नमालाच्या आईनं न् सासूनं जन्मभर विणलेले काठ संपलेच म्हणायचे.

जुन्याला माउस झेपत नव्हता, म्हणून तिनं तीन आठवडे बसून स्वतःच प्रोग्राम लिहिला होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं, मधोमध उभी रेघ. डावीकडे जुनं घर, उजवीकडे नवं. बाणाच्या बटणानं फाइल निवडायची, दुसरं बटण दाबलं की फाइल रेघेपलीकडे.

पहिली रुईफूल. ती रेघेपर्यंत गेली, थांबली, आणि खाली अक्षरं उमटली: "माह्या संगं कोन येते?"

रत्नमालानं टाइप केलं, "कोणी नाही. एकटी जा."

"परक्या घरी? पहिल्यांदा? तू गेली होती का वं माय एकटी?"

नव्हती गेली. तिच्यासंगं मोठी चुलती गेली होती, आणि आठ दिवस सासरच्या लोणच्याला नावं ठेवून परत आली होती.

सोसायटीचे अध्यक्ष नत्थूजी सोरते चष्मा लावून पडद्याशी आले. वाचलं. "बरोबर बोलून राह्यली ते. तुह्या प्रोग्रामात पाठराखीण काहून नाही?"

"कंप्युटरात नसते, काकाजी."

"नसते म्हणजे तू लिहिली नाहीस. लिही."

तिनं लिहिली. दीड तास गेला. पाठराखीण जाणती पाहिजे, सगळ्यांना ओळखणारी पाहिजे. तशी एकच होती, सूची नावाची फाइल. पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली, सगळ्यांची नावं पोटात. सूचीबाईनं होकार दिला, पण अट घातली: पोहोचवायला जाईन तशी मला मानानं परत आणायचं. त्याचंही बटण झालं.

मग जे सुरू झालं! सूचीबाई रुईफुलाला घेऊन गेली, बसवून आली. बेलपानाला घेऊन गेली. बेलपान निघताना इतकी रडली, की चार केबीनं फुगली. जाईची पट्टी अर्ध्या रस्त्यातून वळली, रंग घ्यायचा राहिला म्हणे. मोठी करवत न् लहान करवत एका फोल्डरात नांदायला नाही म्हणाल्या, तर नत्थूजींनी उभ्याउभ्या ठराव मांडला, रत्नमालानं अनुमोदन दिलं, आणि वेगळा फोल्डर बांधला गेला. माग सोडून बाया दारात जमल्या. फाइल पलीकडे गेली की "गेली वं, गेली!" म्हणून टाळ्या. एकीनं तर पडद्यावरून बोटं मोडून दृष्ट काढली. तीन वाजता सूचीबाईला धाप लागली, अक्षरं पुसट झाली. तिला पाच मिनिटं कोणी हात लावला नाही.

चार वाजून बावन्न मिनिटांनी दोनशे बारावी पोहोचली. डावीकडे एकटी सूचीबाई.

"चला आता तुम्ही," रत्नमाला म्हणाली आणि बटण दाबलं.

"माह्या संगं कोन?"

"सूचीबाई, तुम्ही दोनशे बारा वेळा जाऊन आल्या!"

"ते दुसऱ्याईची पाठराखीण म्हणून. आता मी राहायला चालली. माह्याबिगर तिथं कोणाले कोणाचं नाव सांगता येते का, पाहा."

खरं होतं. उजवीकडे दोनशे बारा जणी माना खाली घालून बसल्या होत्या, एकही उघडत नव्हती.

"मी जातो," नत्थूजी उठले.

"बाप्ये पाठराखीण होत नाहीत, अध्यक्ष. बसा," सूचीबाईची अक्षरं उमटली.

चार सत्तावन्न. रत्नमालानं चपला काढल्या, पदर खोचला. "काकाजी, घरी सांगजा, वरणाले फोडणी द्यायची राह्यली. न् बटण हळू दाबा."

नत्थूजींनी एका बोटानं दाबलं. खुर्चीपाशी नुसत्या चपला उरल्या.

पाचला लाइन गेली. जुना कंप्युटर घरघरला आणि बसला तो बसलाच. लॅपटॉपात दोनशे चौदा नावं होती, आणि सगळ्या फायली उघडत होत्या. तिन्हीसांजेला रत्नमालाचा नवरा वसंता सायकलवर आला, रजिस्टरातली रजेची नोंद पाहिली: आठ दिवस, कारण पाठराखीण. "आठ दिवस तर लागतेतच," म्हणाला, आणि फोडणीला मोहरी किती घालायची ते विचारून घेतलं. पडद्यावर उत्तर आलं: "चिमटीभर. न् करपू देऊ नका."

बुधवारी मागावर रुईफूल चढलं. दुपारी विणकर लीलाबाई निमजे हाफिसात आली. "अध्यक्ष, तिसऱ्या फुलाशेजारी रत्नमाला बसली हाये. पदर खोचून. हे बी विणू का?"

नत्थूजींनी चष्मा पुसला, नक्षा नीट पाहिला.

"नक्ष्यात आहे ते विणायचं," ते म्हणाले. "पण पुढच्या मंगळवारपर्यंतच."