पर्मनंट भूत

मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात वराच्या नोकरीचा विषय सांभारवडीच्या पहिल्या बशीनंतर आणि चहाच्या आधी काढावा, असा आमच्या अमरावतीत शिरस्ता आहे. आधी काढला तर मुलीचा बाप उतावीळ दिसतो आणि चहानंतर काढला तर पाहुणे चपला शोधत असतात. मोतीरामजींनी शिरस्ता पाळला. बशी खाली ठेवली, मिशी पुसली आणि विचारलं, "पोरगा काय करते?"

या सोयरिकीत मध्यस्थ मी, गोवर्धन. पुष्कळ लग्नं मी जुळवली आहेत आणि त्यांतली बरीचशी टिकलीही आहेत. कुठल्या प्रश्नाला किती उत्तर द्यायचं हे मला कळतं. मुलगा अकोल्याचा आहे, फिल्म लाइनमध्ये आहे, एवढं बोलून मी दुसरी सांभारवडी उचलली. पण मोतीरामजींनी त्या लाइनीत तो नेमका काय करतो, असं विचारलं आणि माझा नाइलाज झाला. अनुपला खोटं बोलता येत नाही. देखणेपणाखालोखाल हा त्याचा सर्वांत मोठा दोष.

तो अदबीनं म्हणाला, "काकाजी, मी मरतो."

मग मलाच खुलासा करावा लागला. अनुप भयपटांत काम करतो. भयपटाचा एक नियम आहे. सर्वांत देखणा मुलगा सर्वांत आधी जातो. मागच्या विहिरीवर आवाज झाला की बाकीची मंडळी दार लावून घेतात आणि हा आवाज कसला ते पाहायला एकटाच निघतो. आवाज आणि उकाडा यांचा काय संबंध आहे कोण जाणे, पण निघण्याआधी तो शर्ट काढतो. पोटावरचे स्नायू प्रेक्षकांना नीट मोजता आले की बाराव्या मिनिटाला भूत त्याला विहिरीत ओढतं. अनुप आजवर विहिरीत, लिफ्टमध्ये, उसाच्या फडात आणि एकदा ऐन न्हाणीघरात गेला होता. कुठल्याही चित्रपटात त्यानं मध्यंतराचा समोसा खाल्ला नव्हता.

"विहिरीतलं चांगलं झालं होतं," आतल्या दारातून रश्मी म्हणाली. ही मोतीरामजींची मुलगी, वरूडच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिनं अनुपची सगळी मरणं पाहिली होती, काही दोनदा. अनुपनं मान वर केली, तिनं खाली घातली आणि माझं निम्मं काम तिथंच झालं. उरलेलं निम्मं मात्र सोफ्यावर बसलं होतं.

मोतीरामजी एका सरकारी कार्यालयात अधीक्षक होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी रोज डबा घेऊन ते कार्यालयात जातात आणि आपल्या जुन्या टेबलामागच्या बाकावर बसून नव्या बाबूच्या मानेकडे पाहत राहतात. त्यांच्या घराण्यात पत्रिका कोणी पाहत नाही. मुहूर्त, नवस, भूतखेत यांतलं काहीही तीन पिढ्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. विश्वास एकाच गोष्टीवर, पर्मनंट नोकरीवर.

"मराले माहा विरोध नाही," त्यांनी निर्णय दिला. "पन बारा मिनिटात मरते म्हंजे काम टेम्पररी झालं. पिच्चर सुरू झाल्यापासून संपेपर्यंत पोरगा सलग सेवेत दिसला पायजे. मंग आपन फाइल पुढं सरकवू."

आम्ही दोघं जयभीम करून निघालो. कोपऱ्यावर अनुप म्हणाला, "काका, करीन तर हिच्याशीच. तुमी काई करा, मले जिवंत ठेवा." मध्यस्थाला लोक हुंड्यापासून मानपानापर्यंत काय काय मागतात, पण जीव कोणी मागितला नव्हता. मला त्या पोराची खरंच माया आली.

त्याच्या पुढच्या चित्रपटाचं चित्रीकरण मूर्तिजापूरला, बंद पडलेल्या छोट्या रेल्वेगाडीच्या डब्यात चाललं होतं. दिग्दर्शक केयूर पुण्याहून आला होता. मी त्याच्यापुढे अर्ज केला की आमच्या मुलाला या वेळी जगू द्यावं, लग्नाचं काम आहे. तो खेदानं म्हणाला, "शक्य नाही हो. देखणा माणूस शेवटपर्यंत जगला की त्याला भयपट म्हणत नाहीत, कौटुंबिक चित्रपट म्हणतात."

मग शेवटपर्यंत कोण असतं, असं मी विचारलं. भूत असतं, तो म्हणाला.

"तं मंग आमच्या पोराले भूतच करा."

केयूरनं विचार केला आणि ऑर्डर निघाली. पहिल्या दिवशी अनुपला रीतसर भूत करण्यात आलं. सडका गाल, एक डोळा लोंबता, दातांत माती. निर्मात्यानं ते पाहिलं आणि आपण ज्या चेहऱ्यासाठी हा मुलगा घेतला तो चेहरा गेला कुठं, अशी चौकशी केली. दुपारपर्यंत गाल बरा झाला, संध्याकाळपर्यंत डोळा जागेवर आला. दुसऱ्या दिवशी भुताच्या अंगावर ओठाच्या कोपऱ्यातली रक्ताची एक बारीक रेघ उरली होती. केस पंख्यावर उडत होते. शर्टाची बटणं लावायला मयताजवळ वेळ नव्हता, असं कथानकात घालण्यात आलं.

परिणाम व्हायचा तोच झाला. नायिकेला किंचाळत पळायचं होतं. ती पळाली, पण भूत मागे तर पडलं नाही ना, हे पाहायला दर चार पावलांवर थांबू लागली. मूर्तिजापूरच्या बाया डब्याच्या खिडक्यांना लटकल्या. एका बाईनं भुताला जवळ बोलावून विचारलं, "जेवला का रे बाप्पा? किती वाळला?" आणि ज्वारीची भाकर, ठेचा त्याच्या हातावर ठेवला. ठेचा झणझणीत होता. भुताच्या डोळ्यांत पाणी आलं ते केयूरनं टिपलं. पुढे त्या दृश्याचं फार कौतुक झालं.

मी मोतीरामजींकडे नवा प्रस्ताव सादर केला. त्यांनी चष्मा लावून तपासणी सुरू केली. बदली होते का, असं त्यांनी विचारलं. भूत एका जागेचं दुसऱ्या जागी जात नाही, मी सांगितलं. वरिष्ठांचा त्रास? वरिष्ठच घाबरतात. वरची मिळकत? लोक आपण होऊन नारळ, कोंबडी ठेवून जातात.

"आन रिटायरमेंट?"

"मेल्यावर तं जॉइन होते, मोतीरामजी. रिटायर कधी होईन?"

त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा आनंद पाहिला. "आमी भूत मानत नाही," ते म्हणाले, "पन भुताची सर्विस मानाले हरकत नाही."

बायोडाटाला नवा फोटो लागला. अमरावतीत ज्योत्स्नाच्या फोटो स्टुडिओत तेव्हा हॅलोविनचं शूटिंग जोरात होतं. हॅलोविन म्हणजे काय, हे मी मोतीरामजींना समजावलं. अमेरिकेत एक दिवस माणसं भुतं होऊन फोटो काढून घेतात. "एकच दिवस?" ते तुच्छतेनं म्हणाले. "म्हंजे रोजंदारीवर." ज्योत्स्नानं मात्र फोटो असा काढला की बायोडाटावरची उंची, शिक्षण, मामेकूळ कोणी वाचेना. काळा कोट, मागे हॅलोविनचा दात कोरलेला भोपळा, ओठावर ती रेघ. तो फोटो समाजाच्या सोयरिकीच्या ग्रुपवर गेला आणि इथून पुढचं माझ्या हातात राहिलं नाही.

उपवर मुलींच्या आया विचारू लागल्या, असं स्थळ आमच्यासाठी आहे का. मुलांनी ते ऐकलं. अकोल्याच्या वधू-वर मेळाव्यात मंचावर पहिला आला तो कृषी सहायक, नकली सुळ्यांसकट. दुसरा पट्ट्या गुंडाळलेला ग्रामसेवक. तिसऱ्याला सुळ्यांमुळे आपलं पदनाम उच्चारता येईना, तेव्हा त्याच्या वडिलांनी माइक घेऊन ते सांगितलं. एक शिकलेला डॉक्टर स्वतःचाच चेहरा घेऊन आला होता. त्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. लग्नाबद्दल गंभीर असता तर काही लावून आला असता, असं पहिल्या रांगेचं मत पडलं. माझ्या शेजारच्या बाई एका तरुण पिशाच्चाकडे पाहून म्हणाल्या, "याचं रक्त कसं आटोपशीर आहे. घरचे संस्कार दिसतात."

चित्रपट लागला. मोतीरामजींनी सगळे नातेवाईक नेले. अनुप नव्या शर्टात, सगळी बटणं लावून, माझ्या बाजूला बसला होता. भूत बाराव्या मिनिटाला होतं. मध्यंतरानंतरही होतं. मोतीरामजी दर थोड्या वेळानं मागे वळून नातेवाइकांकडे अभिमानानं पाहत होते. शेवटच्या दृश्यात नायिकेनं डब्यात पणती लावली, भूत तिच्याकडे पाहून हसलं आणि हळूहळू विरघळून गेलं. बाया हुंदके देऊ लागल्या.

दिवे लागायच्या आत मोतीरामजी उभे राहिले. "हे काय झालं?"

"मुक्ती भेटली त्याले," मी म्हणालो.

"कोनाच्या सहीनं?"

केयूरनं कुणाची सही घेतली नव्हती. सलग सेवा खंडित झाली आहे, सबब प्रस्ताव नामंजूर, असं त्यांनी भर थिएटरात जाहीर केलं. अनुपचा चेहरा पांढरा पडला. इतक्यांदा मेलेला मुलगा, पण खरा मेल्यासारखा मला त्या दिवशीच दिसला.

रश्मी खुर्चीतून उठली. आवाज चढवला नाही. वर्गात शिकवते तशी बोलली.

"बाबा, तुमाले रिटायर होऊन दोन वर्षं झाली. तुमी रोज त्याच टेबलामागं जाऊन बसता. नवीन बाबू तुमाले पाहून दचकते, सुट्टी टाकून राहिला. घरी आमाले तुमी कधी दिसलेच नाही. याले मुक्ती तरी भेटली. मले असाच पायजे."

बऱ्याच पुरुषांनी चपलांकडे पाहिलं. मोतीरामजी हळूच खाली बसले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अनुपच्या नव्या शर्टाकडे एकवार पाहून मला म्हणाले, "लिहा. विशेष बाब म्हनून मंजूर."

लग्न दणक्यात झालं. नवरदेव स्वच्छ चेहऱ्यानं आला, त्यामुळे पहिला अर्धा तास लोक त्यालाच नवरदेव कुठे बसला आहे ते विचारत होते. समाजातले बाकीचे तरुण सुळे, पट्ट्या आणि रक्त लावून हजर होते. मोतीरामजी पंगतीत जिलेबी वाढत फिरले, कार्यालयात न गेलेला त्यांचा हा पहिला दिवस.

काल ज्योत्स्नाकडे अल्बम पाहायला गेलो होतो. एकेक भूत ती नावानिशी ओळखत होती, कारण बहुतेकांचा मेकअप तिनंच केला होता. एका फोटोवर मात्र ती अडली. मागच्या रांगेत, कुलरच्या बाजूला एक जण उभा होता. चेहरा पांढराफटक, डोळे खोल गेलेले, नजर थेट घड्याळावर. तिनं फोटो मोठा केला आणि हेव्यानं म्हणाली, "काका, हा इतका भारी मेकअप कोनं केला?"

मी नीट पाहिलं. ते तुम्ही होता, वाचकहो, थेट ऑफिसातून आलेले.

मेकअप नाही, पर्मनंट नोकरी आहे, असं मी तिला सांगितलं आहे.